भरती आल्यावर पक्षी कुठे जातात?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या पक्ष्याविषयी बोलणार आहे तो महाराष्ट्रात येत नाही. भारतात तो फार क्वचित, पश्चिम बंगालच्या सुंदरबनाच्या किनाऱ्यावर वगैरे दिसल्याच्या नोंदी आहेत. तरीही खाडीकाठच्या या शहरात, या व्याख्यानमालेत, त्याच्याबद्दलच बोलावे असे मला वाटले. त्याच्यावर जे गुदरले आहे ते समजून घेतले, तर आपल्या खाडीच्या चिखलात आणि मिठागरांत काय चालले आहे ते नीट कळते. दुरून येऊन थेट आपल्या किनाऱ्याबद्दल सांगणारा याच्याएवढा चांगला साक्षीदार मला माहीत नाही.

पक्ष्याचे नाव चमचचोच तुतवार. आपल्याकडे हिवाळ्यात ओल्या चिखलावर तुरुतुरु धावणारे टिलवे आणि तुतवार आपण पाहतो, त्यांच्याच गोतावळ्यातला हा पक्षी. लांबी १४ ते १६ सेंटिमीटर, वजन ३० ग्रॅमच्या आसपास. विणीच्या हंगामात डोके आणि छाती तांबूस, हिवाळ्यात पाठ राखाडी आणि पोट पांढरे. लांबून पाहिले तर आजूबाजूच्या टिलव्यांत तो वेगळा ओळखू येत नाही. मग तो मान वर करतो आणि चोचीचे टोक दिसते: चपटे, रुंद, चमच्यासारखे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लालाही ही चोच तशीच असते. लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा चोच पाहून त्याला चमचा या मोठ्या पक्ष्याच्या कुळात बसवले होते. प्रत्यक्षात दोघांचे काही नाते नाही. चमचा पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो. हा छोटा पक्षी पातळ चिखलात चोच खुपसतो, ढकलतो, पुन्हा खुपसतो आणि बारीक कोळंबीसारखे जीव, किडे, अळ्या टिपतो. त्याला लागणारा चिखलही ठरावीक असतो. वर पाण्याचा पातळ थर, खाली मऊ गाळ, आणि त्या गाळात जीवांची दाटी.

त्याचे घर रशियाच्या अगदी ईशान्य टोकाला, चुकोत्का आणि कामचात्काच्या उत्तर भागात आहे. समुद्राला लागून असलेल्या टुंड्राच्या अरुंद पट्ट्यातच तो घरटे करतो. जूनमध्ये बर्फ वितळले की चार अंडी, तीन आठवड्यांच्या आसपास उबवण. पिल्ले बाहेर आली की मादी लवकरच दक्षिणेला निघते आणि त्यांचा सांभाळ बहुधा नरच करतो. पिल्ले जन्मल्यावर लगेचच आपापले खाणे शोधू लागतात, नराचे काम पहारा देण्याचे. ऑगस्ट संपण्याआधी बहुतेक पक्षी निघून गेलेले असतात. पुढे सुमारे ८,००० किलोमीटरचा प्रवास. पूर्व आशियाच्या किनाऱ्याने खाली उतरत ते दक्षिण चीन, व्हिएतनाम, थायलंड, म्यानमार आणि बांगलादेशापर्यंत येतात.

या प्रवासाचा कणा म्हणजे पीत समुद्र. चीन आणि कोरियाच्या मधला हा उथळ समुद्र. पीत नदी आणि यांगत्से यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाने त्याचे किनारे बनले आहेत. ओहोटीला इथे काही ठिकाणी पाणी इतके मागे सरते की नजर पोहोचेल तिथवर चिखलच. लाखो पाणपक्षी इथे उतरतात, अंगावर चरबी चढवतात आणि पुढे निघतात. चमचचोच तुतवाराची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. दक्षिणेकडे जाताना प्रौढ पक्षी चीनच्या जिआंग्सू प्रांताच्या किनाऱ्यावर दोन-तीन महिने राहतात आणि तिथेच उडण्याची जुनी पिसे गाळून नवी येऊ देतात. पंखांची पिसे बदलत असताना पक्ष्याला लांबचे उड्डाण झेपत नाही. त्या काळात त्याला रोजचे पोटभर अन्न हवे आणि निर्धास्त बसायला जागा हवी. वारीत मुक्काम कुठे करायचा हे ठरलेले असते, आणि एखाद्या गावाने जागाच नाकारली तर पुढच्या गावावर दुप्पट भार पडतो. इथे तर पुढचे गावच नाही.

गेल्या पन्नास वर्षांत पीत समुद्राच्या भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यांपैकी ६५ टक्क्यांपर्यंत जागा नाहीशी झाली असावी, असा जुने नकाशे आणि उपग्रहचित्रे यांवरून केलेला अंदाज आहे. बंदरे, कारखाने, मत्स्यशेतीची तळी, शेती आणि शहरे यांसाठी बांध घालून भराव टाकला गेला. भर म्हणून, किनारा घट्ट व्हावा या हेतूने १९७९ मध्ये अमेरिकेतून आणलेले एक खारे गवत, स्पार्टिना, चीनच्या किनाऱ्यावर असे पसरले की चिखलाचा वरचा भाग त्याच्या दाट झुडपांखाली गेला. त्या गवतात हा पक्षी चरू शकत नाही.

एका ठिकाणाबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण तिथे घडलेले सगळेच आपल्याला ओळखीचे वाटेल. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मांग्योंग आणि दोंगजिन या दोन नद्यांच्या मुखाशी सेमानगम नावाचा प्रचंड चिखलपट्टा होता. १९९१ मध्ये तिथे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत बांधायला सुरुवात झाली. भिंतीआड सुमारे ४०० चौरस किलोमीटर समुद्र आणि चिखल बंद करून जमीन आणि गोड्या पाण्याचा तलाव करायचा होता. सुरुवातीचे कारण भाताची शेती हे होते. तो चिखल पक्ष्यांचा होता, तसाच माणसांचाही. सुकती लागली की गावच्या बायका टोपल्या घेऊन दूरवर चिखलात जात, कालवे आणि शिंपले काढत, आणि त्यावर घर चालत असे. आपल्या खाडीकाठी निवटी आणि तिसऱ्या काढणाऱ्या कोळणींना हे वेगळे सांगायला नको.

२००३ च्या वसंतात बौद्ध भिक्षू सुग्योंग आणि कॅथलिक धर्मगुरू मून ग्यू-ह्यॉन, आणि त्यांच्यासोबत आणखी दोन वेगवेगळ्या पंथांचे धर्मसेवक, सेमानगमहून सेऊलकडे निघाले. तीन पावले चालायची आणि एक साष्टांग दंडवत घालायचा. पुन्हा तीन पावले, पुन्हा दंडवत. असे ६५ दिवस, ३०० किलोमीटरहून जास्त. डांबरी रस्त्यावर, उन्हात, पावसात. ते कोणत्याही देवळाकडे निघाले नव्हते. चिखलातल्या शिंपल्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी, माणसाच्या हातून होत असलेल्या पापाबद्दल क्षमा मागत ते राजधानीकडे जात होते. दंडवत घालत पंढरीला जाणारी माणसे ज्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली, तिथे बसून हे वाचताना मला फार गलबलून आले. चिखलासाठी कुणी असे चालावे, ही माझ्या दृष्टीने आपल्या काळातली मोठी घटना आहे.

तरी भिंत झाली. मार्च २००६ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धचा दावा फेटाळला आणि एप्रिलमध्ये भिंतीतली शेवटची फट बुजवली गेली. त्यानंतर आतले पाणी खेळायचे थांबले. चिखल कोरडा पडला, शिंपले त्यातच मेले. भातशेतीचा मूळ हेतू पुढे मागे पडला, उद्योग आणि पर्यटनाच्या योजना आल्या. अजूनही त्या जमिनीचा मोठा भाग वापराची वाट पाहतो आहे.

या भिंतीनंतर एक महत्त्वाचे काम झाले. कोरियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पक्षी अभ्यासकांनी २००६ ते २००८ अशी सलग तीन वर्षे सेमानगम आणि शेजारच्या नदीमुखांवर पक्षी मोजले. अशा प्रकल्पाच्या वेळी नेहमी एक उत्तर दिले जाते: पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील. त्या मोजणीत ग्रेट नॉट नावाचा पाणपक्षी सेमानगममधून सुमारे ९०,००० ने कमी झाला. शेजारच्या चिखलांवर तो तेवढा वाढला नाही, आणि दूर ऑस्ट्रेलियात, जिथे तो हिवाळा काढतो, तिथेही त्याची संख्या घटली. ते पक्षी दुसरीकडे गेले नव्हते. चमचचोच तुतवाराची सेमानगमवरची संख्याही याच काळात कोसळली. पक्षी दुसरीकडे जातील या उत्तराविरुद्धचा हा पुरावा जगभर माहीत असायला हवा. आपल्याकडच्या प्रत्येक पर्यावरणीय जनसुनावणीत तो वाचून दाखवावा, अशी माझी इच्छा आहे.

आता चमचचोच तुतवार घटण्याचे, भिंतीपलीकडचे एक कारण. १९७० च्या दशकात या पक्ष्याच्या २,००० ते २,८०० जोड्या असाव्यात असा अंदाज होता. २००९ च्या सुमारास तो १२० ते २०० जोड्यांवर आला. त्या काही वर्षांत संख्या दरसाल सुमारे २६ टक्क्यांनी घटत होती. असे का? प्रौढ पक्षी वर्षागणिक बऱ्यापैकी जगत होते. नव्या पिढीतले पक्षी मात्र वीण घालायला परत येत नव्हते. शोध घेतल्यावर धागा म्यानमारच्या मोत्तमा आखातात पोहोचला. हा पक्षी पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जात नाही. पहिल्या हिवाळ्यानंतरही तो दक्षिणेच्या चिखलावरच राहतो आणि दोन वर्षांचा झाल्यावर चुकोत्काला जातो. म्हणजे सगळ्यात कोवळे पक्षी वर्षभर एकाच किनाऱ्यावर, आणि त्याच किनाऱ्यावर गरीब मच्छीमार पाणपक्षी पकडण्यासाठी जाळी लावत. त्यांना हा पक्षी नको होता. मोठ्या पक्ष्यांसोबत तो अडकायचा. बांगलादेशात कॉक्स बाजारजवळच्या सोनादिया बेटावरही हेच होत होते.

इथे जे घडले त्याने मला धीर दिला. कुणी पोलीस घेऊन त्या गावांत गेले नाही. पक्षी अभ्यासक पारध्यांच्या घरी गेले, त्यांच्याशी बोलले. जाळी सोडायची तर पोट कसे भरायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो योग्यच होता. मग कुणाला होडी, कुणाला मासेमारीची चांगली जाळी, कुणाला जनावरे, कुणाला छोटा धंदा सुरू करायला मदत मिळाली. पारध बरीच थांबली. म्यानमारचे मोत्तमा आखात २०१७ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाले. पण चिखल कायम राहिला, तरच हे सगळे टिकेल. माणसांशी केलेला करार बांधकामाच्या आराखड्यापुढे उभा राहू शकत नाही.

दुसरी आशा चुकोत्कामधल्या मेइनिपिल्गिनो या गावाजवळची. २०१२ पासून रशियातले आणि ब्रिटनमधले पक्षी अभ्यासक तिथे काही घरट्यांतली अंडी उचलतात, यंत्रात उबवतात आणि पिल्ले उडण्याजोगी होईपर्यंत जाळीच्या आवारात सांभाळतात. रानात एका घरट्यामागे सरासरी एक पिल्लूही उडण्याच्या वयापर्यंत पोहोचत नाही. सांभाळलेल्या पिल्लांपैकी बहुतेक पोहोचतात. मग त्यांच्या पायात छोटे झेंडे घालून त्यांना सोडून देतात. पुढे चीनमध्ये, थायलंडमध्ये कुणाला तरी तो झेंडा दिसतो आणि पक्ष्याचा प्रवास उलगडतो. २०१६ मध्ये जिआंग्सूत काही पक्ष्यांच्या पाठीवर दोन ग्रॅमच्या आसपास वजनाची उपग्रह-यंत्रे लावली गेली, आणि आजवर अनोळखी असलेल्या काही थांब्यांचाही पत्ता लागला. २०१४ साली वीण घालणाऱ्या जोड्यांचा अंदाज २१० ते २२८ होता. घसरण मंदावली आहे, थांबलेली नाही. प्रजननक्षम पक्षी आजही पाचशेच्या आत आहेत.

चीनने मात्र दिशा बदलली. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने समुद्रात नवे भराव टाकण्यावर कडक निर्बंध घातले. २०१९ मध्ये पीत समुद्र आणि बोहाई आखातातल्या पक्षी-निवाऱ्यांचा पहिला टप्पा जागतिक वारसा यादीत आला, दुसरा २०२४ मध्ये. कोरियाचे चिखलपट्टे २०२१ मध्ये यादीत आले. स्पार्टिना उपटून काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही हाती घेतला गेला.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा आहे जिआंग्सूतली तियाओझिनी. चमचचोच तुतवारांचा मोठा हिस्सा इथे पिसे गाळतो. इथल्या अभ्यासकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की ओहोटीचा चिखल राखून भागत नाही. उधाणाची भरती आली की पाणी थेट बांधापर्यंत येते आणि पक्ष्यांना उभे राहायला वीतभरही जागा उरत नाही. मग पक्षी बांधाच्या आत, मत्स्यशेतीच्या तळ्यांवर उडून येत. तिथे पाणी खोल, माणसांची वर्दळ. २०२० मध्ये बांधाच्या आतली ७२० मू, म्हणजे सुमारे ४८ हेक्टरची मत्स्यतळी केवळ पक्ष्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्यांत पाणी उथळ ठेवले जाऊ लागले. भरती आल्यावर हजारो पक्षी तिथे येऊन बसतात.

इथे मी मुद्द्यावर येतो. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्याला दोन जागा लागतात. ओहोटीला खायला चिखल आणि भरतीला बसायला जवळच एक उथळ, उघडी, शांत जागा. दोन्हीत अंतर जास्त असेल, किंवा बसलेल्या पक्ष्यांना सतत उडावे लागले, तर चिखलात कमावलेली शक्ती रोज दोनदा उडण्यातच खर्च होते. भरतीची जागा गेली की ओहोटीची जागा शिल्लक असून उपयोगाची राहत नाही. थायलंडमधल्या पाक थाले या गावी ही भरतीची जागा मिठागरांत आहे. जुन्या पद्धतीने मीठ पिकवणाऱ्या उथळ वाफ्यांत हा पक्षी दरवर्षी हिवाळा काढतो. तिथल्या पक्षी संस्थेने सुमारे आठ हेक्टर मिठागर विकत घेऊन राखले आहे.

ठाणे खाडीकडे याच नजरेने पाहा. खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ झाला. त्याबद्दल आपल्याला अभिमान आहेच. पण रोहित असोत की सैबेरियातून येणारा छोटा टिलवा, भरतीला ते अभयारण्याच्या पाण्यावर तरंगत बसत नाहीत. ते नवी मुंबईतल्या तळ्यांवर, उरणजवळच्या पाणजेसारख्या पाणथळीवर, भांडुप-मुलुंडच्या मिठागरांवर जातात. ही सगळी भरतीची जागा आहे, आणि ती अभयारण्याच्या रेषेबाहेर आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांत मीठ पिकवण्यासाठी बनवलेल्या जागा पाणथळ या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. त्यामुळे एखादे मिठागर शतकभर पक्ष्यांचे आश्रयस्थान असले, तरी या नियमांच्या नजरेत ते पाणथळ नाही. २०२४ मध्ये मुंबईतल्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्वसनातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. माणसांना घरे हवीत, याबद्दल दुमत नाही. धारावीतल्या माणसाला समुद्रसपाटीच्या खाऱ्या, पुराचे पाणी शोषणाऱ्या जमिनीवरच घर का द्यायचे, हा प्रश्न मात्र त्याच्याही हिताचा आहे.

ओहोटीच्या जमिनीला सातबारा नसतो. तलाठ्याच्या दप्तरात ती कुणाच्याच नावावर नाही, म्हणून ती मोकळी आहे असे सर्वांनी धरून चालायचे, हा रिवाज मुंबई बेटे जोडली गेली तेव्हापासूनचा आहे. पण तिथे कब्जेदार आहेत. सुकतीला गाळात उतरणारी कोळीण आहे, आणि सहा महिन्यांसाठी येणारा पाहुणा आहे.

आपल्या हाती असलेले काम साधे आहे. दर पंधरवड्याला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, मध्ये भांग असते. उधाणाच्या भरतीला पक्षी कुठे बसतात, ते खाडीकाठचा प्रत्येक कोळीवाडा सांगू शकतो. या जागा नकाशावर आणायला हव्यात, प्रत्येक जागेवर वर्षभर महिन्याला एकदा मोजणी व्हायला हवी. कोणत्या तळ्याचे भरतीचे पाणी अडवले आहे, कोणत्या नाल्याचे तोंड बुजवले आहे, याची तारखेसह नोंद हवी. पुण्या-मुंबईतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारी मुले आहेत, निवृत्त माणसे आहेत, खाडीत जन्म काढलेली माणसे आहेत. ही नोंद जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवता येईल, आणि गरज पडल्यास न्यायालयासमोरही. २०१७ च्या नियमांतल्या मिठागरांच्या वगळणीवर फेरविचार करा, अशी मागणीही त्याच नोंदीच्या बळावर करता येईल. येत्या थंडीत टिलवे उतरायच्या आधी काम सुरू झाले पाहिजे. ज्यांना त्यात यायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मागच्या दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि आपल्या जवळची खाडी लिहून जावे.